नाव सांगणाऱ्याची पत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. कोणाला सुतार हवा असतो, कोणाला दातांचा डॉक्टर, तर कोणाला दहावीतल्या मुलासाठी गणिताची शिकवणी. प्रश्नाचे शेवटचे वाक्य मात्र ठरलेले असते: "कोणाच्या माहितीतला असेल तर सांगा." विचारणाऱ्याच्या हातात त्या क्षणी जो फोन असतो, त्यावर 'सुतार' एवढा एक शब्द टाकला तरी पंचवीस नावे, त्यांचे पत्ते आणि त्यांच्या कामाची छायाचित्रे समोर येऊ शकतात. घराबाहेर पडले तर कोथरूडपासून डेक्कनपर्यंत फलकांना तोटा नाही. म्हणजे माहितीचा दुष्काळ मुळीच नाही. तरीही माणूस 'माहितीतला' हवा असतो, आणि या शब्दात माहिती असली तरी खरी मागणी माहितीची नसते. मागणी असते ती जामिनाची: चांगला आहे असे कोणीतरी स्वतःच्या नावावर म्हणावे, आणि काम बिघडले तर ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा एक ओळखीचा चेहरा मध्ये असावा.

आपल्याकडचा दुकानदार याला सरळ 'माउथ पब्लिसिटी' म्हणतो आणि बहुधा पुढे जोडतो, "फुकटची जाहिरात." विपणनाच्या अभ्यासक्रमांतही तिच्या टिकाऊपणाचे कारण बरेचदा असेच सांगितले जाते, की ती स्वस्त असते, आपोआप पसरते आणि तिला कल्पकतेची गरज नसते. मला हे निदान चुकीचे वाटते. तोंडोतोंडी होणारी शिफारस ही बाजारातील सर्वांत महाग शिफारस आहे; फक्त तिची किंमत दुकानदार देत नाही, बोलणारा देतो. ती टिकून आहे ती या किमतीमुळेच, आणि जिथे ही किंमत नाहीशी होते तिथे ती उरत नाही, तिच्या वेशात दुसरेच काहीतरी फिरत असते.

किंमत म्हणजे काय, हे मला एका मुंजीने शिकवले. काही वर्षांपूर्वी मावसभावाच्या मुलाच्या मुंजीसाठी मी एक आचारी सुचवला. आमच्या वास्तुशांतीला त्याने चाळीस माणसांचा स्वयंपाक केला होता आणि त्याच्या अळूच्या भाजीची आठवण पाहुणे वर्षभर काढत होते. मुंजीला अडीचशे पाने होती. दुसऱ्या पंगतीला मसालेभात संपला आणि तिसऱ्या पंगतीला जिलबीच्या जागी बाहेरून घाईघाईने आणलेले पेढे वाढावे लागले. आचारी उरलेले पैसे घेऊन गेला; त्याचे फारसे काही बिघडले नाही. मावशी मात्र आजही कोणत्याही कार्यात पानावर बसताना एकदा माझ्याकडे पाहते आणि विचारते, "तूच सांगितला होतास ना रे तो आचारी?" यात रागही उरलेला नाही, नुसती नोंद आहे. पण त्या दिवसापासून खाण्यापिण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझा शब्द चालत नाही.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की जाहिरात लिहिणाऱ्याला मावशी नसते. मी स्वतः उमेदीची काही वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात घालवली आहेत. साबण, पंखे, गृहप्रकल्प, एक-दोन मसाले. त्यातील एकाही वाक्याबद्दल मला कोणी पंगतीत विचारले नाही. 'स्वप्नातले घर' लिहिताना हात थरथरला नाही, कारण ते घर गळू लागले तरी माझ्या दारावर येणारे कोणी नव्हते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मी खोटे बोललो नव्हतो. माझी साक्ष चाळीस पानांपुरती खरी होती. ती मी अडीचशे पानांवर ताणली. तोंडी शिफारशीचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही इथेच आहेत, आणि पुढचा सगळा वाद याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशा अर्थाची म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती विक्रेत्याला बोलायला सांगणारी म्हण आहे, आणि जाहिरातीचा सारा धंदा तिच्यावर उभा आहे. पण ज्याच्या मालाविषयी गिऱ्हाईकच बोलते तो विक्रेता गप्प बसू शकतो. इतकेच नव्हे, त्याचे गप्प बसणे हेच त्याच्या बाजूचे एक विधान होते. ऐकणाऱ्याला हे बरोबर कळते. विकणारा स्तुती करणारच, कारण त्याचा त्यात लाभ आहे. ज्याचा लाभ नाही, उलट तोंडघशी पडण्याचा धोका आहे, तो स्तुती करत असेल तर तिचे वजन वेगळे.

अभ्यासकांनी हे फार पूर्वी टिपले आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे बियाणे तिकडे १९२८ च्या सुमारास आले होते आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत जवळजवळ प्रत्येकाने ते स्वीकारले. बियाण्याविषयी पहिल्यांदा कोणाकडून कळले, या प्रश्नावर सर्वाधिक शेतकऱ्यांनी विक्रेत्याचे नाव घेतले. पेरायचे कोणामुळे ठरवले, यावर मात्र सर्वाधिक नावे शेजाऱ्यांची आली. १९५४ साली विल्यम व्हाइट या पत्रकाराने फिलाडेल्फिया शहरातील एकसारख्या घरांच्या रांगा पाहिल्या. खिडकीत बसवण्याचे एअर कंडिशनर तेव्हा नवे होते. रहिवाशांचे उत्पन्न सारखे, घरे सारखी, वर्तमानपत्रांतील जाहिरातीही सर्वांना सारख्याच दिसलेल्या. तरी एका रांगेत यंत्रांची दाटी होती आणि पलीकडच्या रांगेत ती तुरळक होती. यंत्र जाहिरातीच्या वाटेने पसरत नव्हते, अंगणातल्या गप्पांच्या वाटेने पसरत होते. पुण्यातल्या कोणत्याही जुन्या कॉलनीत गच्चीवरचे सौर बंब मोजत गेलात तर हेच दिसेल: एका गल्लीत ओळीने सहा आणि वळण घेतले की एकही नाही.

आयोवातील निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग माझ्यासारखे लोक सोयीने विसरतात, म्हणून तो इथे मुद्दाम अधोरेखित करतो. प्रथम कळले ते विक्रेत्याकडूनच. कानावर न आलेल्या वस्तूची शिफारस शेजारी करू शकत नाही. जाहिरात दार ठोठावते, शेजारी दार उघडतो. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि एक दुसऱ्याला पुरून उरेल असे म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांनी जरा दमाने घ्यावे. नीलसन या संस्थेच्या २०१२ सालच्या जागतिक पाहणीत ९२ टक्के लोकांनी ओळखीच्या माणसांच्या शिफारशीवर विश्वास असल्याचे सांगितले होते, आणि हा आकडा तेव्हापासून विपणनाच्या सादरीकरणांत आरतीसारखा म्हटला जातो. माझी एक छोटी शंका आहे. तुम्ही कोणावर विश्वास ठेवता, असे विचारल्यावर 'जाहिरातीवर' असे उत्तर कोण देईल?

आता पुण्याकडे. या शहराने तोंडी प्रसिद्धीला जवळजवळ धर्माचा दर्जा दिलेला आहे, आणि त्यात थोडी आढ्यताही आहे. कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून कयानी बेकरी आहे. तिच्या श्रूसबेरी बिस्किटांचे नाव देशभर झाले ते कोणत्या फलकामुळे झाले, असे विचारले तर पुणेकराला आठवून सांगता येणार नाही. ते झाले रांगेमुळे आणि खोक्यामुळे. मुंबईला, नागपूरला, दिल्लीला जाणारा माणूस रांगेत उभा राहतो, पदरचे पैसे मोजतो, चुरा होऊ नये म्हणून खोके मांडीवर धरून प्रवास करतो आणि पोहोचल्यावर ते यजमानांच्या हाती देतो. या सगळ्या खटाटोपात तो एक शब्दही बोलला नाही तरी शिफारस पूर्ण झालेली असते. तोंडी प्रसिद्धीतील मोठा भाग असा मुका असतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. त्या गाडीतून आजवर पुण्याबाहेर गेलेल्या खाऊच्या पिशव्यांनी या शहरातील दुकानांचे जेवढे काम केले असेल तेवढे कोणत्याही एजन्सीने केले नसेल, असे मला वाटते. हे अर्थातच मोजता येणार नाही.

चितळे बंधूंचे उदाहरण थोडे वेगळे आहे आणि मला त्याहून उद्बोधक वाटते. १९५० साली पुण्यात सुरू झालेल्या या दुकानाच्या बाकरवडीइतकीच त्याच्या दुपारच्या विश्रांतीची कीर्ती होती. एक ते चार दुकान बंद, यावर महाराष्ट्रात किती विनोद झाले असतील त्याची गणती नाही, आणि जुलै २०१७ पासून दुकान दुपारीही उघडे राहू लागले तेव्हा त्याची बातमी झाली. एखादे दुकान दुपारी उघडे असते ही बातमी होऊ शकते, यातच सगळे आले. वरवर पाहता हे विनोद म्हणजे टिंगल होती. पण प्रत्येक विनोदाच्या पोटात एक न बोललेले विधान होते: भर बाजारात तीन तास दार लावून बसणे ज्याला परवडते, त्याचा माल काय असेल! लोक हसत होते आणि हसता हसता साक्ष देत होते. मी स्वतः हे विनोद मुंबईकरांना ऐकवले आहेत, आणि ऐकवताना माझ्या आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक असे, हे कबूल करतो. आज चितळे जाहिरातीही करतात आणि त्यात काही वावगे नाही. दूरच्या शहरातील ज्या गिऱ्हाइकाने तो विनोद कधी ऐकलेला नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायला दुसरा मार्ग कोणता?

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटीही याच संदर्भात वाचायला हवी. आपण तिला पुणेरी तुसडेपणाचा नमुना मानून मजा घेतो. वास्तविक ती एक व्यावसायिक गरज होती. ज्याचे नाव केवळ तोंडातोंडी चालते, त्याचे नाव चोरणे सर्वांत सोपे असते. ऐकणाऱ्याच्या लक्षात आडनाव राहते, पेठ राहते, फार तर चौक राहतो. पाटीवरचे अक्षर, रंग, चिन्ह राहत नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नसते. त्यामुळे चार दुकाने पलीकडे तेच आडनाव लावून कोणी बसले तर शिफारस घेऊन आलेले गिऱ्हाईक तिकडे वळते. ब्रँड या कल्पनेचा उगम नेमका या दुखण्यात आहे: कानाने मिळवलेले नाव डोळ्याला ओळखता यावे, यासाठी चिन्ह लागते. तेव्हा ब्रँड आणि तोंडी प्रसिद्धी यांना एकमेकांचे वैरी ठरवण्यात अर्थ नाही. चिन्ह ही त्या कीर्तीला घातलेली कडी आहे. अडचण येते ती कडी आधी आणि कीर्ती नंतर असा क्रम लावल्यावर. आणि हल्ली एखादे कॅफे उघडण्यापूर्वीच त्याचा लोगो, रंगसंगती आणि 'आमची गोष्ट' तयार असते, फक्त कॉफी अजून ठरायची असते.

या कौतुकात एक खोट आहे, तीही सांगायला हवी. आपण मोजतो ती टिकलेली दुकाने. ज्यांचा माल उत्तम होता, ज्यांनी जाहिरात केली नाही, आणि ज्यांच्याविषयी वेळेत पुरेशी माणसे बोलली नाहीत, ती दुकाने आपल्या यादीत नाहीत, कारण ती आता कुठेच नाहीत. 'चांगला माल स्वतःच बोलतो' हे वाक्य नेहमी ज्याचा माल खपला त्याच्याच तोंडी असते.

शिवाय सर्व प्रकारच्या मालाबाबत साक्षीदाराला सारखे दिसत नाही. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर चांगला माल बाजारातून हटू लागतो आणि वाईट उरतो. या कामासाठी त्याला २००१ चे नोबेल विभागून मिळाले. पुण्यात ज्याने जुनी स्कूटर घेतली आहे त्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही. त्याने काय केले होते? विकणाऱ्याचे बोलणे ऐकले आणि ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेले. मेकॅनिकने किक मारली, धूर पाहिला, कान लावला आणि मान हलवली. ती हललेली मान म्हणजेच तोंडी शिफारस, आणि ती विश्वासार्ह होती, कारण मेकॅनिकला आतले दिसत होते आणि त्याच गिऱ्हाइकाला तो पुढची दहा वर्षे तोंड दाखवणार होता.

बाकरवडी खाल्ली की कळते. स्कूटर जाणकाराला कळते. पण काही गोष्टी अनुभव घेऊनही कळत नाहीत, आणि मायकेल डार्बी व एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली या वेगळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. डॉक्टरने सांगितलेली शस्त्रक्रिया खरोखर गरजेची होती का, हे बऱ्या झालेल्या रुग्णालाही सांगता येत नाही. इमारतीच्या खांबात किती लोखंड आहे, हे तिथे वीस वर्षे राहणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि बँकेचे कर्जखाते कसे आहे, हे काउंटरवरच्या हसतमुख कारकुनाकडे पाहून कळत नाही. १९१२ साली स्थापन झालेली रुपी सहकारी बँक पुण्यातील कित्येक मध्यमवर्गीय घरांची बँक होती. आजोबांचे खाते म्हणून वडिलांचे, वडिलांचे म्हणून मुलाचे, अशा रीतीने ठेवी आल्या. जाहिरात वाचून तिथे गेलेले फार थोडे असतील. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द होऊन ती बंद झाली. मधली साडेनऊ वर्षे ज्यांची पुंजी अडकून राहिली, त्यांना त्या बँकेत पाठवणारे लोक अप्रामाणिक नव्हते. वागणूक चांगली, पासबुक वेळेवर भरून मिळते, कर्मचारी घरच्यासारखे, ही त्यांची प्रत्येक साक्ष खरी होती. ती फक्त ज्या गोष्टीविषयी द्यायला हवी होती तिच्याविषयी नव्हती. चाळीस पानांचा अनुभव इथेही अडीचशे पानांवर ताणला गेला होता. अशा क्षेत्रांत तोंडी शिफारशीवर विसंबणे हा भाबडेपणा आहे, आणि तिथे लेखापरीक्षक, नियामक आणि परवाना यांचीच गरज असते. शेजाऱ्याच्या सज्जनपणाने ती भागत नाही.

आणखी एक बाजू आहे, जी तोंडी प्रसिद्धीचे गोडवे गाताना हमखास सुटते. तोंड ज्या वर्तुळात फिरते त्याच वर्तुळात नाव फिरते, आणि आपल्या समाजात ही वर्तुळे जातीची, पेठेची, शाळेची आणि गावची असतात. 'आपल्यातला एक चांगला वकील आहे' या वाक्यातील 'आपल्यातला' हा शब्द काय करतो ते आपण सर्व जाणतो. सदाशिव पेठेत ज्याचे कोणी नाही आणि ज्याचे आडनाव ऐकून समोरचा 'मूळचे कुठले?' असे विचारतो, अशा तरुण डॉक्टरने वाघोलीत दवाखाना उघडला तर त्याच्याविषयी पहिला शब्द कोणी बोलायचा? भाड्याच्या घरांचे तर विचारू नये. तोंडी मार्गाने घर मिळते ते ज्याला कोणत्याही मार्गाने मिळालेच असते त्याला. जाहिरातीला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की जाहिरात निदान कोणाचे आडनाव विचारत नाही. पैसे भरले की ती सर्वांसमोर जाते. ज्यांच्याकडे ओळखी नाहीत त्यांच्यासाठी ती एक उघडी खिडकी असते.

ऑनलाइन अभिप्राय आणि तारे हे याच कोंडीतून निघालेले उत्तर होते, आणि त्याला मी सरसकट मोडीत काढणार नाही. हिंजवडीत नोकरीसाठी बिहारमधून किंवा केरळमधून आलेल्या मुलीला पुण्यात मावशी नाही. तिच्यासाठी अनोळखी शंभर जणांचे तारे हेच शेजार. मायकेल लुका या संशोधकाने सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ साली दाखवले, की सरासरीत एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम स्वतंत्र, छोट्या उपाहारगृहांवर दिसतो. मोठ्या साखळ्यांवर दिसत नाही. साखळीचे नाव आधीच माहीत असते, छोट्याला कोणीतरी ओळख करून द्यावी लागते, ते काम तारे करतात. हा खरा लोकशाही लाभ होता. पण तारा जसा मौल्यवान झाला तशी त्याची टांकसाळ निघाली. खोटे अभिप्राय घाऊक विकत मिळतात, हे आता कोणापासून लपलेले नाही. लिहिणाऱ्याला चेहरा नाही, त्यामुळे त्याला मावशीही नाही. म्हणजे जी किंमत या साऱ्याचा पाया होती तीच काढून घेतली गेली.

यात सर्वांत करुण प्रकार खोट्या ताऱ्यांचा नाही, मागून घेतलेल्या ताऱ्यांचा आहे. पार्सल आणणारा मुलगा जिना उतरता उतरता थांबतो आणि म्हणतो, "सर, जमलं तर पाच स्टार द्या, नाहीतर आमचं इन्सेन्टिव्ह कापतात." मी पाच देतो. तुम्हीही देत असाल. तो भला मुलगा आहे, पाऊस आहे, चौथा मजला आहे, लिफ्ट बंद आहे. पण तो अभिप्राय नाही, ती बक्षिसी आहे, आणि कंपनी तिलाच ग्राहकाचे मत म्हणून सरासरीत धरते. 'आमची शिफारस मित्राला कराल का? शून्य ते दहा गुण द्या' हा प्रश्न फ्रेडरिक रायकहेल्ड या व्यवस्थापन सल्लागारांनी २००३ साली मांडला तेव्हा त्यामागची कल्पना चांगली होती: समाधान विचारू नका, शब्द टाकाल का ते विचारा. आता तो प्रश्न प्रत्येक बिलाच्या शेपटाला येतो आणि आपण बोटाने तो बाजूला सारतो.

मोबदला घेऊन रील करणाऱ्यांची गोष्ट याच वाटेवरची. मिसळीच्या दुकानासमोर उभा राहून डोळे मिटून 'एक नंबर' म्हणणारा तरुण मित्राच्या आवाजात बोलतो. त्याचा सारा बाजारभाव त्या आवाजातच आहे. कायदा इथे अगदीच झोपलेला नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. जून २०२२ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे, आणि दिशाभूल केल्यास १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले, पण ते ऐच्छिक स्वरूपात. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे.

माझे म्हणणे असे, की हे मानक ऐच्छिक ठेवण्यात शहाणपण नाही. तराजूला मोहर लागते, ती ऐच्छिक नसते. ज्या ताऱ्यांवर छोट्या दुकानदाराच्या उत्पन्नाचा पाच-नऊ टक्के भाग हलतो, तो आधुनिक तराजूच आहे. ज्याने वस्तू खरोखर विकत घेतली त्याचाच अभिप्राय मोजावा, एवढी साधी अट विक्रीमंचांना पाळता येणे अशक्य नाही, कारण बिल त्यांच्याच यंत्रणेतून निघालेले असते. मोबदल्याचा उल्लेख रीलच्या खाली बारीक अक्षरांत इंग्रजी खुणेने न करता ज्या भाषेत स्तुती केली त्याच भाषेत आणि त्याच आवाजात व्हावा. 'मला या मिसळीचे पैसे मिळाले आहेत' हे वाक्य त्या तरुणाने तोंडाने म्हटले तर मला त्याच्या धंद्याविषयी काहीही तक्रार नाही. मग ती उघड जाहिरात झाली, आणि उघड जाहिरात हा प्रामाणिक व्यवसाय आहे. त्यावर मी काही वर्षे घर चालवले आहे.

व्यावसायिकांसाठी यातून निघणारी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती खरेदी करता येत नाही. तोंडी प्रसिद्धी 'घडवून आणण्याचे' कंत्राट घेणाऱ्या संस्था आता आहेत. मला त्यांच्या मूळ कल्पनेतच विसंगती दिसते. गिऱ्हाइकाचा शब्द मोलाचा, कारण तो तुमच्या ताब्यात नाही. तो ताब्यात घेतलात की त्याचे मोल गेले. तुमच्या ताब्यात आहे ती फक्त शब्द टाकणाऱ्याची अब्रू राखण्याची जबाबदारी. एखादा माणूस "अमक्याने सांगितले म्हणून आलो" असे म्हणत दुकानात येतो तेव्हा दोन गिऱ्हाइके एकदम आलेली असतात, एक समोर उभे असलेले आणि दुसरे घरी धाकधुकीत बसलेले. जुन्या व्यापाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात पूर्वी गादीवर बसलेले शेठ पहिला प्रश्न विचारत, "कोणाकडून आलात?" आणि नाव ऐकल्यावर एखादी साडी स्वतःच बाजूला सारत, "ही नको, हिचा रंग टिकणार नाही." विक्री एका साडीने कमी होत असे आणि ते नाव सांगणाऱ्याची पत सांभाळली जात असे. माझ्या आचाऱ्याने अडीचशेचा आकडा ऐकून "एवढे मला झेपणार नाही" असे म्हटले असते, तर मी आजही त्याचेच नाव सांगत फिरलो असतो.

तरीही गिऱ्हाईक समाधानी असले म्हणजे बोलतेच, असे कोणी समजू नये. लोक स्वतःच्या कारणांसाठी बोलतात आणि स्वतःच्या कारणांसाठी गप्प राहतात. आमच्या गटावर गेल्या महिन्यात नव्याने राहायला आलेल्या एका गृहिणीने विचारले, "पोळ्या करायला चांगल्या बाई कोणाच्या माहितीत आहेत का?" प्लंबर विचारला असता तर पाच मिनिटांत सात क्रमांक आले असते, हापूसवाल्याचे नाव तर लोक न विचारताच देतात. आमच्या इमारतीत एकच बाई अकरा घरी पोळ्या करतात, वेळेच्या पक्क्या आहेत आणि त्यांच्या पोळीसारखी पोळी मी अन्यत्र खाल्लेली नाही. त्यांच्या हाताला आता बाराव्या घरासाठी वेळ नाही, आणि बारावे घर मिळाले तर पहिल्या अकरांपैकी कोणाचे तरी सुटेल, हे अकराही घरांना माहीत आहे. तो निरोप गटातील सर्वांनी वाचल्याची निळी खूण त्या गृहिणीला दिसत असेल. उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. मीही दिलेले नाही.